नावं संपेपर्यंत उठायचं नाही

सासरी तिला सगळे चष्मेवाली म्हणत. हे नाव सासऱ्यांनी पाडलेलं, आणि कौतुकानं नव्हे. सून चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, लग्न झालं तरी जातेच आहे, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. तिनं ते नाव असं झेललं की त्यातली सगळी हवा गेली. कुणी "ए चष्मेवाली" म्हटलं की ती विचारायची, "काय झालं, नंबर वाढला?"

जिभेला अशी धार. पण एका गोष्टीपुढे ती धार चालत नव्हती, आणि ती गोष्ट म्हणजे तिच्याच लग्नाची कॅसेट.

पण आधी तिच्या वडिलांविषयी सांगायला हवं, नाहीतर कॅसेटचं काय ते कळायचं नाही. आप्पा छापखान्यात जुळारी होते. शिशाची अक्षरं एकेक उचलायची आणि ओळी रचायच्या, त्याही उलट्या, म्हणजे कागदावर सुलट उमटतात. जन्मभर उलटं वाचणाऱ्या ह्या माणसाला एकच वेड होतं. जुने सिनेमे, पडद्यावर रंग यायच्या आधीचे. रविवारी सकाळच्या खेळाला बापलेक पुढच्या रांगांत ठाण मांडून असायची.

"आताच्या सिनेमात माणसं नुसती बोलतात," आप्पा म्हणायचे. "जुन्यात ती विचार करताना दिसतात. बघ, तो काही बोलला नाही. नुसती टोपी काढून टेबलावर ठेवली. कळलं ना, आता हा जात नाही म्हणून?"

आणि तिला खरंच कळायचं. आप्पा रडायचेसुद्धा, भर थेटरात, रुमाल न काढता. "लपवायचं काय त्यात? चांगलं केलंय म्हणून रडतोय." पुढे चष्म्याच्या दुकानात लागल्यावर तिनं ह्या विद्येत स्वतःची भर घातली. "आप्पा, ह्या प्रोफेसरच्या चष्म्यात काचाच नाहीत हो!" त्यावर आप्पा म्हणत, "असू दे गं. वाचतोय तर खरा ना?"

त्यांचा नियम एकच होता. सिनेमा संपला की लोक उठत, चपला शोधत, दाराशी रेटारेटी करत. आप्पा जागचे हलत नसत. पडद्यावर नावं चालू असायची. "दिवा कुणी धरला, त्याचंही नाव आहे बघ. नाव छापायला कुणाची तरी बोटं झिजतात, मला विचार. नावं संपेपर्यंत उठायचं नाही." झाडूवाला येऊन त्यांच्या पायांशी खरडत असायचा, तरी दोघं बसलेली.

मग घरोघरी टीव्ही आला आणि टीव्हीवर बुधवारची मालिका आली. तिचं खरं नाव लांबलचक होतं, ते कुणी घेत नसे. सगळे नुसतं 'बुधवार' म्हणत. गोष्ट काय, तर घड्याळं दुरुस्त करणारा एक कारागीर मरतो आणि त्याची बायको दुकान बंद करत नाही. बस्स. ना मारामारी, ना बागेतली गाणी, पण त्या वेळेला रस्त्यावर चिटपाखरू दिसत नसे. ती घड्याळवाली डोळ्याला भिंग लावून घड्याळात डोकावायची तेव्हा दुसरा डोळा मिटायची नाही. चष्मेवालीनं पहिल्याच भागात ते टिपलं. शिकाऊ माणूस डोळा मिटतो, कसलेला दोन्ही उघडे ठेवतो. "ही बाई शिकून आलीय," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती घड्याळवालीची झाली ती झालीच.

सासऱ्यांना मालिकेचं वावडं होतं. पण बुधवारी ते पत्त्यांच्या डावाला जात. तेवढ्यात सून टीव्ही लावायची, आणि सासूबाई "मी नाही हो बघत असलं काही" म्हणत मटार सोलायला नेमक्या तिथेच बसायच्या. मटार संपले तरी बसायच्या.

आता कॅसेट. लग्नात झालं होतं असं, की वऱ्हाडातल्या कुणा मामानं "सरबत अजून आलं नाही" म्हणून आवाज चढवला. वाढपी कमी पडत होते. आप्पांनी स्वतः मोठा ट्रे उचलला, ग्लासांनी भरलेला, आणि दार ढकलून हॉलमध्ये आले. उंबऱ्याशी फरशी ओली होती. पाय गेला. आप्पा आडवे, नवा पांढरा शर्ट सरबतानं भिजलेला, ग्लास चहूकडे. आणि व्हिडिओवाल्याचा कॅमेरा बरोबर त्याच दाराकडे लागलेला.

पडतं माणूस. हसतंही कुणी, तेवढ्यापुरतं. पण सासऱ्यांना त्या दृश्याची चटकच लागली. घरी कुणी आलं की जेवण झाल्यावर कॅसेट लागायची. हॉल, फुलं, पाहुणे, आणि मग ते दार. आप्पा पडले की सासरे मागे जायचं बटण दाबायचे. ग्लास टुणटुण उड्या मारत ट्रेमध्ये परत, सरबत शर्टातून निघून ग्लासात, आप्पा उताण्याचे उभे. मग पुन्हा पुढे, पुन्हा धप्प. पाहुणे पोट धरून हसत. दोन-चारदा मागेपुढे करून झालं की सासरे समाधानानं टीव्ही बंद करायचे. त्याच्या पलीकडची कॅसेट त्या घरात कुणी कधी पाहिली नव्हती.

एकदा तर आप्पांच्या समोरच लावली. आप्पा खुर्चीच्या कडेवर बसले होते. मुलीच्या सासरी ते कधी खुर्चीभर बसतच नसत. सगळे हसले तसे तेही हसले आणि म्हणाले, "आमचा धंदाच उलटं वाचायचा, सवय आहे." फार हसले लोक त्यावर. चष्मेवालीनं मात्र त्यांचे हात पाहिले. एकमेकांत गुंतवून गुडघ्यांत दाबून ठेवले होते.

त्या दिवशी ती सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, ती कॅसेट नका ना लावत जाऊ."

"अगं, गंमत आहे! तुझे वडील स्वतः हसतात, तुला काय झालं नाक मुरडायला?"

नवऱ्याला सांगून पाहिलं. नवरा स्वभावानं गरीब, बापापुढे तर अगदीच गाय. म्हणाला, "सोड ना. लोक हसतात आणि विसरतात."

"आप्पा विसरत नाहीत," ती म्हणाली. त्यानं कूस बदलली.

आणि मग सासऱ्यांच्या डोक्यात आलं ते मोठ्या साहेबांना जेवायला बोलावण्याचं. सासरे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हेडक्लार्क. साहेब, साहेबांची बायको, कचेरीतली आणखी दोन जोडपी. "आणि व्याह्यांनाही बोलाव," सासरे म्हणाले. "साहेबांना कॅसेट दाखवू आणि मग म्हणू, हे बघा, नट स्वतः हजर! काय मजा येईल!" वार ठरला बुधवार. तोही शेवटच्या भागाचा बुधवार. घड्याळवालीचं दुकान राहतं की जातं, ते त्या संध्याकाळी कळायचं होतं.

चष्मेवालीनं आप्पांना निरोप धाडला की येऊ नका, अंगात कणकण आहे म्हणून सांगा. आप्पांचा उलट निरोप आला. बोलावलंय तर यायला हवं बाळ, तुझं सासर आहे ते. ह्यावर काय बोलणार, कपाळ!

कॅसेट लपवता आली असती. पण लपवलेली सापडते, आणि सापडली की दुप्पट जोरात लागते. फोडून टाकता आली असती, पण तिला लग्नाचा राग नव्हता, त्या दाराचा होता. दोन दिवस ती लोकांच्या नाकांवर फ्रेमी बसवत विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी दुकानातून चिकटपट्टीचं रीळ घेऊन आली.

जाणत्यांना आठवत असेल, कॅसेटच्या कडेला एक चिमुकला तुकडा असायचा. तो मोडून टाकला की त्यावर दुसरं काही भरता येत नसे. लग्नाच्या कॅसेटचा तो तुकडा व्हिडिओवाल्यानंच मोडून दिला होता, चुकून कुणी काही पुसू नये म्हणून. त्या भोकावर चिकटपट्टी लावली की मशीन फसायचं. म्हणजे लग्नावर दुसरं काही भरायचं तर ते चुकून होणं शक्यच नव्हतं. ठरवूनच करावं लागे. ती ठरवूनच करत होती. घरात एक कोरी कॅसेट पडली होती, तिला तिनं हातही लावला नाही.

बुधवारी दुपारी घर पेंगत होतं. तिनं कॅसेट लावली, दार उघडायच्या क्षणाशी आणून थांबवली आणि मशीनवर विणलेलं झाकण ओढून घेतलं.

पाहुणे दिवेलागणीला आले. 'बुधवार'ची वेळ होत आली तशी मंडळी चुळबुळायला लागली. साहेबांच्या बायकोनं, त्यांना सगळे मॅडम म्हणत, दोनदा घड्याळ पाहिलं. "आज टीव्हीवर काही..." त्या म्हणाल्या.

"छे छे!" सासरे म्हणाले. "आमच्या घरी पाहुणे आले की टीव्ही बंद. माणसांनी गप्पा माराव्यात!"

मॅडमचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात शेजारच्या भिंतीपलीकडून मालिकेचं सुरुवातीचं संगीत पाझरलं. चष्मेवाली पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आली, टीव्हीशेजारी ट्रे टेकवला, आणि झाकणाखाली हात घालून दोन बटणं एकदम दाबली. टीव्ही बंदच होता, पण मशीनला भरून घ्यायला तो लागत नसे. झाकणाच्या विणीतून एक लाल ठिपका दिसत होता. तो फक्त आप्पांना दिसला. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

पुढचा वेळ तिनं ओट्याशी काढला, अर्धे कान भिंतीला. शब्द कळत नव्हते, तरी आवाज चढला की ती हातातलं काम थांबवायची. शेवटचं संगीत आलं, नावांचं. ते पुरतं विझेपर्यंत ती थांबली आणि मग बाहेर जाऊन कॅसेट सुरुवातीला नेली आणि मशीन बंद केलं.

जेवणं उरकली. सासऱ्यांनी हात चोळले. "आता एक गंमत दाखवतो साहेब. चिरंजीवांचं लग्न. अहो व्याही, असे पुढे या, पुढे! तुम्हीच तर हीरो!"

आप्पा पुढच्या खुर्चीच्या कडेवर बसले. हसू त्यांनी आधीच चेहऱ्यावर आणून ठेवलं होतं. चष्मेवाली भिंतीला टेकून उभी राहिली.

हॉल दिसला. फुलं दिसली. मामा हातवारे करताना दिसला. "आता बघा हं," सासरे म्हणाले. दार ढकललं गेलं, ट्रेची कड दिसली, आप्पांचं पाऊल उंबऱ्यावर आलं, आणि पडदा थरथरला, दोन आडव्या रेघा सरकल्या. टिकटिक ऐकू आली. घड्याळवाली भिंग पुसत बसली होती.

"अगोबाई!" मॅडम ओरडल्या. "बुधवार!"

सासरे आधी टीव्हीकडे बघत राहिले, मग मशीनकडे, मग घरातल्या प्रत्येकाकडे. "हे कुणी केलं?"

"मी," चष्मेवाली म्हणाली.

"अहो, चुकून दाबलं गेलं असेल," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "पोरीचा हात लागला असेल, हो की नाही गं?"

दार उघडून दिलं होतं सासूबाईंनी, बिचाऱ्यांनी. नुसती मान हलवली असती तरी सुटका होती. ती म्हणाली, "नाही आई. चुकून नाही. चिकटपट्टी लावून केलंय."

"माझ्या मुलाच्या लग्नावर?" सासऱ्यांचा आवाज फाटला.

"लग्नावर नाही. लग्न आहे तसं आहे. माझे वडील पडतात, तेवढ्यावर."

आप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळत नव्हतं. सासरे ताडताड मशीनकडे निघाले आणि बटणाला हात घालणार, तेवढ्यात मॅडम कडाडल्या, "हात लावाल तर बघा! ह्या जेवणापायी शेवटचा भाग बुडाला म्हणून मी मघापासून घास गिळत होते. भांडण काय पळून जातं? खाली बसा!"

साहेबांनी मान डोलावली. घरी कुणाचं चालत होतं ते दिसलंच. साहेबांच्या बायकोपुढे हेडक्लार्क काय बोलणार? तरी ते मुलाकडे वळून गुरगुरले, "दिवा लाव तो मोठा."

नवरा उठला. बटणापाशी गेला, बायकोकडे एकदा पाहिलं आणि लहान दिवाही बंद केला. म्हणाला, "अंधारात नीट दिसतं." जन्मात पहिल्यांदा बापाचा शब्द मोडला त्यानं, आणि मोडून परत जागेवर जाऊन बसला.

मालिका चालू राहिली. बाजारातल्या मनोऱ्याचं घड्याळ व्यापाऱ्यांनी मुद्दाम मागे ठेवलेलं असतं, गड्यांकडून जास्त काम काढायला. घड्याळवाली ते चारचौघांत बोलून दाखवते आणि वर चढून नीट लावते. आता व्यापारी तिच्या दुकानात जमलेत. माफी माग, नाहीतर दुकान खाली कर. ती बोलत नाही. भिंग डब्यात ठेवते, चिमटे पुसून ओळीनं लावते. कॅमेरा तिच्या तोंडावर थांबला आणि थांबूनच राहिला, आताच्या कुणाची छाती होणार नाही इतका. ती विचार करताना दिसत होती. "बघ," आप्पा अंधारात पुटपुटले, "डबा बंद नाही केला." चष्मेवालीनंही तेच पाहिलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

"मी चुकले नाही," घड्याळवाली म्हणाली. "घड्याळ चुकलं होतं. दुकान उद्या नेहमीच्या वेळेला उघडेल."

मॅडमनी नाक ओढलं. सासूबाई पदराआड हुंदकत होत्या, मटार नव्हते तरी. पडद्यावर नावं सुरू झाली, आणि सासऱ्यांनी टुणकन उडी मारली. "झालं ना? दिवा लावा! बंद करा ते!"

"नावं संपेपर्यंत उठायचं नाही."

आवाज मोठा नव्हता. पण तो आप्पांचा होता, आणि त्या घरात त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. सासरे होते तिथेच थांबले. नावं वर सरकत राहिली. लिहिणारा, शिवणारा, दिवे धरणारा. शेवटचं नाव गेलं. पडदा करडा झाला, खरखरला. चष्मेवाली पुढे झाली, कारण पुढे काय आहे ते तिलाही माहीत नव्हतं.

पुन्हा लग्नाचा हॉल आला.

पंगतीच्या मधून आप्पा चालत येत होते. शर्टावर सरबताचा हा एवढा डाग, आणि हातात ट्रे, आधीच्याहून मोठा, काठोकाठ भरलेला. पाय जपून टाकत होते, एकही ग्लास हिंदकळत नव्हता. त्या मामाला दिला. मामानं मान खाली घालून घेतला. मग व्याह्यांना दिला. पडद्यावरच्या सासऱ्यांनी त्यांच्याकडे न बघता ग्लास घेतला आणि शेजारच्याशी हसत राहिले. आप्पा पुढे गेले, पोरांना दिला, दमलेल्या वाढप्यांना दिला. शेवटी एक ग्लास उरला. तो त्यांनी थेट कॅमेऱ्यासमोर धरला. चित्र एकदम डगमगलं. व्हिडिओवाल्यानं एका हातानं तो घेतला होता. "घ्या हो," आप्पांचा आवाज आला. "सकाळपासून उभे आहात."

कॅसेट संपली. नवऱ्यानं दिवा लावला.

साहेब स्वतःच्या पायांकडे बघत होते. सासऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, पण माणूस हट्टाचा. ते आप्पांकडे वळले. "व्याही, तुमच्या मुलीनं आज पाहुण्यांदेखत माझा अपमान केला. तिला म्हणावं माफी माग. नाहीतर घेऊन जा तिला आजच्या आज."

आप्पांचे हात उठले. वर्षानुवर्षांची सवय, छातीशी येऊन जुळायच्या बेतात होते. एकदा का ते हात जुळले असते, तर तिचं सगळं केलेलं मातीत जाणार होतं. हात तिथेच थांबले. मग खाली आले आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर टेकले.

"माझी मुलगी चुकलेली नाही," आप्पा म्हणाले. "तिला यायचं असेल तर तिचं घर आहेच, पण तुमच्या सांगण्यावरून मी तिला नेणार नाही. मी पडलो होतो, व्याही. ते तुम्ही पुष्कळ वेळा पाहिलंत. उठलोही होतो. ते आज पाहिलंत."

आणि ते मागे सरकले, पार पाठ टेकेपर्यंत. खुर्ची करकरली.

"बाळ," ते मुलीला म्हणाले, "कॅसेट जरा मागे घे. ती डबा उघडा ठेवते ना, तिथपासून पुन्हा लाव. साहेबांना नीट दिसलं नसेल."

चष्मेवालीनं मागे जायचं बटण दाबलं. सगळे बसून होते, एकटे सासरे टीव्हीपुढे उभे.

"अहो, बसा की आता," मॅडम म्हणाल्या. "मध्ये येताय."